जीवनसत्त्व 'के' आणि मेंदू : पूरक गोळ्यांविषयीच्या दाव्यांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

आरोग्यविषयक लेखन हा मराठीतील एक मोठा व लोकप्रिय गद्यप्रकार आहे. दैनिकांच्या पुरवण्या, दिवाळी अंकांतील लेख, औषधांच्या दुकानातील माहितीपत्रके आणि गोळ्यांच्या डबीवरील मजकूर असा त्याचा विस्तार आहे. कथा, कविता, कादंबरी यांची समीक्षा आपल्याकडे विपुल झाली. मात्र जे गद्य वाचून माणूस प्रत्यक्ष गोळी गिळतो, त्या गद्याकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. कवितेचा अर्थ चुकीचा लागला तर रसहानी होते. आरोग्यविषयक वाक्याचा अर्थ चुकीचा लागला तर देहहानी होऊ शकते. या दृष्टीने अशा लेखनाची चिकित्सा हे भाषेच्या अध्यापकाचेही काम आहे, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.

या विषयाकडे वळण्यास एक घरगुती प्रसंग कारण ठरला. लेखकाच्या मातोश्रींच्या हृदयाची झडप बदललेली असून त्यांना रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून असेनोकुमारॉल ही गोळी कायमची चालू आहे. एका आप्ताने मोठ्या प्रेमाने 'विसरभोळेपणावर चांगले' म्हणून जीवनसत्त्व 'के-२' असलेल्या गोळ्यांची डबी आणून दिली. आईने ती उघडण्यापूर्वी तालुक्याच्या डॉक्टरांना विचारले आणि डॉक्टरांनी ती डबी बाजूला ठेवण्यास सांगितले. विचारले नसते तर काय झाले असते, या प्रश्नातून प्रस्तुत लेख सिद्ध झाला आहे.

जीवनसत्त्व 'के' आणि मेंदू यांच्या संबंधाविषयी उपलब्ध असलेला पुरावा कोणत्या प्रतीचा आहे हे तपासणे, तो पुरावा लोकप्रिय भाषेत उतरताना त्याचे काय होते हे पाहणे आणि धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने या जीवनसत्त्वाचे खरे महत्त्व कोठे आहे हे सांगणे, ही या लेखाची त्रिविध उद्दिष्टे आहेत.

'जीवनसत्त्व' आणि 'पूरक' : दोन शब्दांचा विचार

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल. १९१२ मध्ये कॅसिमिर फंक यांनी 'व्हायटॅमिन' हा शब्द रूढ केला. हे पदार्थ जीवनावश्यक असून 'अमाईन' या रासायनिक वर्गातील असावेत, असा त्यामागील तर्क होता. पुढे सर्वच जीवनसत्त्वे अमाईन नसतात हे लक्षात आले. शब्द मात्र टिकला. मराठीने त्यासाठी 'जीवनसत्त्व' हा सामासिक शब्द स्वीकारला. 'सत्त्व' या शब्दामागे सार, बळ, शुद्धता, गुण असे अनेक अर्थ उभे आहेत. सत्त्वगुण, सत्त्वशील, सत्त्वपरीक्षा हे शब्द ज्याच्या कानांवर आहेत, त्या मराठी वाचकाला 'सत्त्व' अधिक झाले तर अपाय होईल असे सहसा वाटत नाही. अनुवादित संज्ञेने येथे मूळ संज्ञेपेक्षा अधिक विश्वास निर्माण केला आहे.

'पूरक' या शब्दाची गोष्ट याच्या उलट आहे. पूरक म्हणजे न्यून भरून काढणारे. जेथे न्यून आहे तेथेच पूरकाला अर्थ आहे. परंतु गोळ्यांच्या बाजारात हा शब्द 'वाढवणारे' या अर्थाने वापरला जातो. आपल्या आहारात उणीव आहे का, हा प्रश्न न विचारताच पूर्ततेचा उपाय सुचवला जातो. प्रस्तुत चिकित्सेचे सूत्र या एका शब्दात आहे. ते असे की, पूरक स्वीकारण्यापूर्वी न्यून दाखवले गेले पाहिजे.

शोधाचा इतिहास

जीवनसत्त्व 'के' चा इतिहास रक्ताशी निगडित आहे. कोपनहेगन येथे हेन्रिक डॅम १९२९ च्या सुमारास कोंबडीच्या पिलांना स्निग्धांशविरहित आहार देऊन प्रयोग करीत होते. त्या पिलांना रक्तस्राव होऊ लागला व त्यांचे रक्त लवकर गोठेना. आहारातील एका अज्ञात घटकाचा अभाव हे त्याचे कारण ठरले. १९३५ मध्ये डॅम यांनी त्या घटकास 'के' हे नाव दिले. रक्त गोठण्याच्या क्रियेसाठी असलेल्या 'कोआग्युलेशन' या शब्दाचे जर्मन व डॅनिश भाषांतील आद्याक्षर 'के' आहे. अमेरिकेत एडवर्ड डॉइझी यांनी १९३९ मध्ये त्याची रासायनिक रचना उलगडली. १९४३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून देण्यात आले.

याच काळात दुसऱ्या बाजूने एक शोध चालू होता. उत्तर अमेरिकेत 'स्वीट क्लोव्हर' हा चारा सडका खाल्लेली जनावरे रक्तस्रावाने दगावत होती. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातील कारक द्रव्य वेगळे केले. त्याच कुळातील वॉरफॅरिन १९४८ मध्ये प्रथम उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५० च्या दशकात माणसांचे औषध झाले. वॉरफॅरिन व असेनोकुमारॉल ही औषधे जीवनसत्त्व 'के' च्या शरीरातील पुनर्वापरात अडथळा आणून रक्त गोठण्याची क्रिया मंद करतात. ज्या रुग्णाला ही औषधे चालू आहेत त्याच्या दृष्टीने जीवनसत्त्व 'के' म्हणजे औषधाच्या विरुद्ध बाजूने ओढणारा हात होय.

हे जीवनसत्त्व नेमके काय करते, हे १९७४ मध्ये स्पष्ट झाले. काही प्रथिनांतील ग्लुटामिक आम्लाच्या घटकांवर ते एक रासायनिक संस्कार घडवून आणते. त्या संस्कारामुळे ती प्रथिने कॅल्शियमला धरून ठेवू शकतात आणि कार्यक्षम होतात. रक्त गोठवणारी काही प्रथिने या गटात मोडतात. तथापि हा गट रक्तापुरता मर्यादित नाही आणि येथूनच मेंदूचा विषय सुरू होतो.

मेंदूशी असलेला संबंध : पुराव्याच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी जैवरसायनाची आहे. हिरव्या पानांतून मिळणारे जीवनसत्त्व 'के-१' शरीरात काही प्रमाणात 'एमके-४' या रूपात परिवर्तित होते. हे परिवर्तन करणारे 'यूबीआयएडी-१' हे विकर २०१० मध्ये जपानी संशोधकांनी ओळखले. मेंदूत आढळणारे जीवनसत्त्व 'के' बहुतांशी याच रूपात असते. १९९३ मध्ये वर्णिलेले 'गॅस-६' हे प्रथिन जीवनसत्त्व 'के' वर अवलंबून असून पेशींच्या जगण्याशी व वाढीशी त्याचा संबंध आहे. मज्जातंतूंवरील मायलिन आवरणात स्फिंगोलिपिड नावाची स्निग्ध द्रव्ये असतात. त्यांच्या निर्मितीवरही या जीवनसत्त्वाचा परिणाम होतो, हे उंदरांवरील प्रयोगांतून दिसले आहे. म्हणजे मेंदूत या जीवनसत्त्वाला काम आहे, ही गोष्ट निःसंशय आहे.

दुसरी पायरी प्राण्यांवरील प्रयोगांची आहे. कॅनडातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंदरांना आयुष्यभर जीवनसत्त्व 'के-१' कमी असलेला आहार देण्यात आला. म्हातारपणी त्यांच्या शिकण्याच्या क्षमतेत उणीव आढळली. २०२५ मध्ये अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी मध्यमवयीन उंदरांना सहा महिने असाच आहार दिला असता मेंदूतील 'एमके-४' घटल्याचे व स्मरणाच्या चाचण्यांत ते मागे पडल्याचे नोंदवले. हे प्रयोग काळजीपूर्वक झालेले आहेत. परंतु त्यांनी तपासले ते अभावाचे परिणाम. ज्याला अभाव नाही त्याला अधिक दिल्यास लाभ होतो, असे त्यांतून निष्पन्न होत नाही. पाण्यावाचून पीक वाळते म्हणून दुप्पट पाण्याने दुप्पट पीक येत नाही, हे आपल्या भागातील कोणताही शेतकरी सांगेल.

तिसरी पायरी माणसांच्या निरीक्षणाची आहे. कॅनडात ७० ते ८५ वयोगटातील ३२० निरोगी स्त्री-पुरुषांच्या अभ्यासात (२०१३) रक्तातील 'के-१' चे प्रमाण अधिक असणाऱ्यांची शाब्दिक स्मृती तुलनेने बरी आढळली. शिकागो परिसरातील वृद्धांच्या दीर्घकालीन अभ्यासात मृत्यूनंतर ३२५ व्यक्तींच्या मेंदूची तपासणी झाली (२०२२). ज्यांच्या मेंदूत 'एमके-४' अधिक होते त्यांच्यात स्मृतिभ्रंश किंवा सौम्य बोधनदोष असण्याची शक्यता १७ ते २० टक्क्यांनी कमी दिसली. त्याच समूहातील ९६० व्यक्तींच्या आहाराचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. दररोज एखादी वाटी हिरवी पालेभाजी खाणाऱ्यांच्या बोधनक्षमतेचा ऱ्हास, पालेभाजी जवळजवळ न खाणाऱ्यांच्या तुलनेत इतका मंद होता की दोहोंतील अंतर सुमारे अकरा वर्षांच्या वयाच्या फरकाएवढे भरले.

हे आकडे आकर्षक आहेत आणि ते खोटे नाहीत. तथापि त्यांचा अर्थ काय, हा समीक्षेचा प्रश्न आहे. एक तर पालेभाजीत जीवनसत्त्व 'के' एकटे नसते. फोलेट, ल्युटिन, नायट्रेट व इतर अनेक घटक तिच्यात एकत्र असतात. दुसरे असे की, जो माणूस रोज पालेभाजी खातो त्याचे शिक्षण, उत्पन्न, चालणे-फिरणे आणि घरातील काळजी घेणारी माणसे यांतही फरक असू शकतो. संशोधक हे फरक गणिताने वजा करण्याचा प्रयत्न करतात, परंतु ते पूर्णतः वजा होतातच असे नाही. तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. स्मृतिभ्रंश जडलेल्या माणसाचे जेवण आधीच बिघडलेले असते. त्यामुळे कमी जीवनसत्त्वामुळे विस्मरण आले की विस्मरणामुळे जीवनसत्त्व कमी झाले, हे केवळ निरीक्षणावरून ठरवता येत नाही.

अपुरी राहिलेली चौथी पायरी

या शंका दूर करणारी चौथी पायरी म्हणजे यादृच्छिक नियंत्रित चाचणी. एका गटाला गोळी, दुसऱ्याला दिसायला तशीच निष्क्रिय गोळी आणि निवड नशिबाने, अशी तिची रचना असते. जीवनसत्त्व 'के' च्या पूरक गोळ्यांनी वृद्धांचा स्मृतिभ्रंश टळतो किंवा स्मरणशक्ती सुधारते, असे कोणत्याही मोठ्या यादृच्छिक चाचणीने सिद्ध केलेले नाही. सर्व दाव्यांचा तोल या एका वाक्यावर ठरतो.

ही पायरी वगळल्यास काय होते, याची उदाहरणे पोषणशास्त्राच्या इतिहासात आहेत. गाजर व इतर भाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, या निरीक्षणावरून बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांविषयी मोठी आशा निर्माण झाली होती. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये तिचे निष्कर्ष आले तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक निघाले. भाजीत जे हितकर दिसले होते ते गोळीत तसे राहिले नाही.

खुद्द जीवनसत्त्व 'के' च्या बाबतीतही असा अनुभव आहे. रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचू नये म्हणून काम करणारे एक प्रथिन या जीवनसत्त्वावर अवलंबून असते. त्यामुळे 'के-२' च्या गोळ्यांनी हृदयाची झडप कठीण होण्याची प्रक्रिया मंदावेल, हा तर्क सबळ होता. डेन्मार्कमध्ये ३६५ पुरुषांना दोन वर्षे दररोज ७२० मायक्रोग्रॅम 'एमके-७' व सोबत जीवनसत्त्व 'डी' किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत महाधमनीच्या झडपेतील कॅल्शियम साचण्याच्या गतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. तर्क सुंदर असणे आणि तो शरीरात खरा ठरणे या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

क्रियापदाचा प्रवास

आता भाषेकडे वळू. संशोधकाच्या निबंधातील वाक्य साधारणतः 'अमुक व तमुक यांत संबंध आढळला' अशा घडणीचे असते. पहिल्या पुनर्कथनात ते 'अमुक उपयुक्त ठरू शकते' असे होते. दुसऱ्या पुनर्कथनात 'उपयुक्त ठरते' आणि डबीपाशी पोहोचेपर्यंत 'स्मरणशक्ती वाढवते' असे होते. या प्रवासात नवे काहीही सिद्ध झालेले नसते. बदलते ते केवळ क्रियापद. 'आढळला' हे क्रियापद निरीक्षकाची मर्यादा मान्य करते. 'ठरू शकते' यात शक्यता शिल्लक असते. 'वाढवते' हे प्रयोजक क्रियापद मात्र गोळीला कर्ता करते आणि वाचकाच्या शंकेला जागा ठेवत नाही.

याच प्रवासात वाक्यातील इतर पदेही गळत जातात. 'उंदरांत', 'अभाव असताना', 'सत्तरीच्या पुढील', 'अन्य घटक लक्षात घेता' ही विशेषणे व क्रियाविशेषणे म्हणजे वैज्ञानिक विधानाची कुंपणे होत. लोकप्रिय गद्यात ती क्लिष्ट म्हणून वगळली जातात. सुलभीकरण हा गुण आहे याविषयी दुमत नाही. परंतु जे पद काढल्याने विधानाची सत्यता बदलते ते काढणे याला सुलभीकरण म्हणता येणार नाही.

कायद्यानेही या क्रियापदाची दखल घेतली आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची 'जे' मध्ये, ज्या अवस्थांबाबत औषधाने प्रतिबंधाचा वा बरे करण्याचा दावा करू नये अशा अवस्थांची यादी आहे. मेंदूची क्षमता वाढवणे व स्मरणशक्ती सुधारणे यांचा तीत समावेश आहे. आरोग्यपूरक पदार्थांसाठी २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने केलेल्या विनियमांनुसार अशा पदार्थांवर ते औषधी उपयोगासाठी नसल्याची सूचना अपेक्षित आहे. म्हणूनच डबीवरचा मजकूर पुष्कळदा सावध असतो आणि दावा तोंडी प्रवास करतो. तोंडी दाव्याला अनुसूची लागत नाही. तेथे वाचकाची चिकित्सक बुद्धी हेच एक संरक्षण उरते.

आपल्या ताटातील स्थिती

पूरकाला न्यून लागते असे वर म्हटले. मग आपल्या ताटात न्यून आहे काय? जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांनी २००४ मध्ये प्रौढ पुरुषासाठी दररोज ६५ व स्त्रीसाठी ५५ मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व 'के' सुचवले आहे. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात ते सुमारे ४८० मायक्रोग्रॅम असते. म्हणजे पालकाची अर्धी वाटी भाजीही या गरजेस पुरून उरते. मराठवाड्याच्या ताटात मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा, हरभऱ्याची कोवळी पाने आणि करडईची भाजी येते. हिरवी पाने हाच 'के-१' चा मुख्य स्रोत असल्याने या भाज्यांचे मोल वेगळे सांगावयास नको. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळते. तेलाच्या फोडणीमुळे ते शरीरात अधिक चांगले शोषले जाते, ही बाब आपल्या स्वयंपाकाच्या रीतीला अनुकूल आहे.

तेलांचीही एक बाजू आहे. शंभर ग्रॅम सोयाबीन तेलात सुमारे १८० मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व 'के' असते. शेंगदाणा तेलात ते एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असते व करडई तेलातही अल्पच असते. खरिपात सोयाबीन हे धाराशिव जिल्ह्याचे प्रमुख पीक झाले आहे. ज्या 'एमके-७' च्या गोळ्या महाग विकल्या जातात, तो पदार्थ जपानमध्ये याच सोयाबीनला आंबवून केलेल्या 'नाट्टो' या खाद्यात विपुल असतो. सोयाबीन आपल्या शिवारातून मोंढ्यावर जाते आणि त्याच्याशी नाते सांगणारी गोळी डबीतून परत येते, हा अर्थव्यवहार मननीय आहे.

यावरून सर्वांचे आहार उत्तम आहेत असे म्हणावयाचे नाही. उन्हाळ्यात पाण्याअभावी पालेभाजी महागते आणि मजुरी करणाऱ्या कुटुंबाच्या ताटातून ती नाहीशी होते. यकृताचे विकार, स्निग्धांशाच्या शोषणातील दोष, दीर्घकाळ चाललेली प्रतिजैविके या अवस्थांत या जीवनसत्त्वाचा अभाव खरोखर निर्माण होऊ शकतो. अशा वेळी पूरक देणे हा उपचार असून तो डॉक्टरांच्या कक्षेतील विषय आहे. परंतु ज्यांना ही गोळी परवडते त्यांच्या ताटात भाजी बहुधा असतेच, आणि ज्यांच्या ताटात भाजी नाही त्यांना गोळी परवडत नाही. बाजारातील पूरक न्यूनाकडे न जाता पैशाकडे जाते.

जेथे धोका आहे

संधिवाती तापामुळे झडपा बिघडलेले रुग्ण ग्रामीण भागात आजही आढळतात. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना जीवनसत्त्व 'के' विरोधी औषधेच घ्यावी लागतात. अशा रुग्णांत डॅबिगॅट्रान या नव्या औषधाची चाचणी २०१२ मध्ये अपाय दिसल्याने थांबवावी लागली होती. संधिवाती हृदयविकार व हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असलेल्या रुग्णांवरील एका बहुराष्ट्रीय चाचणीत (२०२२) रिव्हरॉक्साबान या नव्या औषधापेक्षा जुनी 'के' विरोधी औषधेच सरस ठरली. म्हणजे आपल्या भागातील या रुग्णांसाठी असेनोकुमारॉल वा वॉरफॅरिन हे कालबाह्य औषध नाही.

असेनोकुमारॉल घेणाऱ्या निरोगी स्वयंसेवकांवर २०१३ मध्ये झालेल्या अभ्यासात 'एमके-७' ची दररोज १० ते २० मायक्रोग्रॅम इतकी अल्प मात्राही काही व्यक्तींत औषधाचा परिणाम बिघडवण्यास पुरेशी ठरली. बाजारातील गोळ्यांत याहून कितीतरी अधिक मात्रा असू शकते. औषधाचा परिणाम घटला की झडपेवर गुठळी होऊ शकते आणि ती सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकल्यास पक्षाघात होतो. मेंदूसाठी म्हणून घेतलेली गोळी मेंदूवरच घाला घालू शकते, ती अशी. अशा रुग्णांनी पालेभाजी वर्ज्य करण्याचे मात्र कारण नाही. रोजच्या आहारातील तिचे प्रमाण साधारण सारखे ठेवणे आणि रक्ताची 'आयएनआर' तपासणी वेळेवर करणे, हा सर्वमान्य सल्ला आहे.

जेथे हे जीवनसत्त्व मेंदूला खरोखर वाचवते

जीवनसत्त्व 'के' मेंदूचे रक्षण करते, या विधानाला पूर्ण सत्यता लाभते अशी एक जागा आहे आणि ती वार्धक्यात नसून जन्माच्या घटकेत आहे. नवजात बालकाच्या शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा अत्यल्प असतो, कारण वारेतून ते फारसे पोहोचत नाही. आईच्या दुधातही त्याचे प्रमाण कमी असते. हा दुधाचा दोष मानून स्तनपानाविषयी शंका घेणे सर्वस्वी अनुचित होय. मात्र या उणिवेमुळे काही बालकांना रक्तस्राव होतो. पहिल्या आठवड्यानंतर सहा महिन्यांपर्यंत होणाऱ्या उशिराच्या प्रकारात सुमारे निम्म्या बालकांत हा रक्तस्राव मेंदूत होतो. पूर्वी ठणठणीत वाटणारे, अंगावर पिणारे मूल अचानक मलूल होते, झटके येतात. वाचले तरी कायमचे व्यंग राहू शकते. प्रतिबंधक मात्रा न दिल्यास दर एक लाख जन्मांमागे ४ ते ७ बालकांना हा उशिराचा प्रकार होतो, असे अन्य देशांतील नोंदी सांगतात. संख्या लहान असली तरी प्रतिबंध जवळजवळ निश्चित आहे.

हा प्रतिबंध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेले एक इंजेक्शन. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १,००० ग्रॅम वा अधिक वजनाच्या नवजात बालकास १ मिलिग्रॅम व त्याहून कमी वजनाच्या बालकास अर्धा मिलिग्रॅम जीवनसत्त्व 'के' जन्मानंतर द्यावयाचे आहे. येथे न्यून सिद्ध आहे, मात्रा ठरलेली आहे आणि लाभ प्रस्थापित आहे. 'पूरक' हा शब्द त्याच्या खऱ्या अर्थाने येथे सार्थ होतो.

महाराष्ट्राला या बाबतीत स्वतःचा एक अनुभव आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा प्रयोग केला. गावातील प्रशिक्षित आरोग्यसेविका घरी झालेल्या प्रसूतीनंतर बालकाचे वजन करीत, त्यास उबदार ठेवीत, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करीत. जीवनसत्त्व 'के' चे इंजेक्शन हाही त्या सेवेचा एक भाग होता. ३९ गावांत सेवा व ४७ गावे तुलनेसाठी, अशी त्याची रचना होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. या यशाचे श्रेय एकट्या जीवनसत्त्व 'के' ला देता येणार नाही, कारण ते अनेक उपायांच्या संचाचे यश होते. पालेभाजीच्या बाबतीत जो निकष आपण लावला तोच येथेही लावला पाहिजे. परंतु ही मात्रा गावपातळीवर सुरक्षितपणे पोहोचवता येते, एवढे त्यातून निश्चित दिसले.

नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, वाशीम यांच्यासोबत तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हा जिल्हा होता. त्या कार्यक्रमात आरोग्य व पोषण यांना मोठा भार देण्यात आला होता. परंड्यापासून उमरग्यापर्यंतच्या आरोग्य केंद्रांत जन्मणाऱ्या प्रत्येक बालकाला ही मात्रा मिळाली का, हा प्रश्न 'के-२' च्या गोळ्यांनी आजोबांची स्मृती सुधारते का, या प्रश्नाहून कितीतरी महत्त्वाचा आहे.

भीतीचीही चिकित्सा आवश्यक

चिकित्सा केवळ आशेची करून भागत नाही, भीतीचीही करावी लागते. १९९२ मध्ये ब्रिटनमधील एका अभ्यासाने नवजात बालकांना दिलेल्या या इंजेक्शनचा व बालपणीच्या कर्करोगाचा संबंध असल्याचे सुचवले आणि पालकांत घबराट पसरली. पुढल्याच वर्षी स्वीडनमधील सुमारे १३ लाख ८० हजार बालकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत असा संबंध आढळला नाही. नंतरच्या अभ्यासांनीही त्यास दुजोरा दिला नाही. लहानशा निरीक्षणावरून गोळीचा गौरव करणे आणि लहानशा निरीक्षणावरून इंजेक्शन नाकारणे, या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. एकीत लोभ आहे, दुसरीत भय आहे. 'आढळला' या शब्दाचा 'होते' असा केलेला अनुवाद मात्र दोहोंत समान आहे.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मेंदूच्या कार्यात जीवनसत्त्व 'के' ला स्थान आहे, हे जैवरसायनाने व प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवले आहे. निरोगी प्रौढाने पूरक गोळ्या घेतल्यास स्मरणशक्ती सुधारते किंवा स्मृतिभ्रंश टळतो, हे सिद्ध झालेले नाही.

२. निरीक्षणात्मक अभ्यासांचा कौल पालेभाजीच्या बाजूने आहे. तो कौल गोळीच्या नावावर वळता करणे तर्कदृष्ट्या असमर्थनीय आहे.

३. असेनोकुमारॉल वा वॉरफॅरिन घेणाऱ्या रुग्णांनी अशी गोळी स्वतःच्या वा आप्तांच्या सल्ल्याने घेणे धोक्याचे आहे.

४. या जीवनसत्त्वाने मेंदूचे रक्षण होण्याची सिद्ध जागा नवजात अवस्थेत असून तेथील एक मिलिग्रॅमची मात्रा चुकता कामा नये.

५. आरोग्यविषयक गद्याची समीक्षा हा मराठीच्या अध्यापनाचा भाग होण्यास हरकत नाही. एखादा दावा वर्गात फळ्यावर लिहून त्यातील क्रियापद, गळालेली विशेषणे आणि पुराव्याची पायरी विद्यार्थ्यांकडून शोधून घेता येईल.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या हाती आणखी एक साधी गोष्ट आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरानिमित्त आपले विद्यार्थी गावोगावी जातात. बाळंतपण जवळ आलेल्या घरी 'जन्मल्यावर बाळाला के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले का, याची नोंद कागदावर मागून घ्या' एवढे एक वाक्य त्यांनी पोहोचवले तरी पुष्कळ झाले. त्या वाक्यात कोणतीही अतिशयोक्ती नाही आणि त्याला कोणत्याही डबीची गरज नाही. लेखकाच्या मातोश्रींनी ती डबी परत केली, रोजची गोळी व ठरल्या प्रमाणातील भाजी चालू ठेवली. घेण्यापूर्वी विचारणे ही त्यांची सवय कोणत्याही शिक्षणसंस्थेत शिकवलेली नव्हती. ती शिकवणे हे आता आपले काम आहे.